निवास आणि विकार : खंडाळ्याच्या घाटावरील रोगेतिहासासंबंधीं एक विचार

[१]

जुन्या कागदांत रोगांचीं नांवें येतात तीं बहुधा मृत्यूच्या निमित्तानें येतात. अमक्यास मोडशी होऊन देवाज्ञा झाली, तमक्याचें पोट चालून शक्ति गेली, जरीमरीच्या भयानें वस्ती उठली, अशा एकदोन शब्दांवर पुढील अभ्यासकास रोग ठरवावा लागतो. अलीकडे ह्या शब्दांना नव्या वैद्यकांतील नांवें देण्याचा प्रघात पडत चालला आहे. कागदांत 'आंव' दिसली कीं विवरणांत अमीबा येतो. आणि एकदां अमीबा आला म्हणजे जुनी नोंद शास्त्रीय झाली असें लेखकास वाटूं लागतें. पण ह्या सोयीच्या पोटांत एक गृहीत गोष्ट दडलेली आहे. ती ही कीं, ज्या सूक्ष्म जीवाचें नांव आज एकाद्या रोगाशीं जोडलेलें आहे तो शरीरांत असला म्हणजे रोग असलाच पाहिजे, आणि रोग असला म्हणजे तोच त्याचें कारण असला पाहिजे.

हें गृहीत खोटें आहे, व तें खोटें ठरावयास सव्वाशें वर्षें लागलीं. निरोगी माणसाच्या, तसेंच त्याच्या गोठ्यांतील व अंगणांतील जनावरांच्या आंतड्यांत एकपेशी सूक्ष्म जीव वसत असतात, आणि त्यांतील बहुतेक यजमानास कांहीं अपाय करीत नाहींत. निवास आणि विकार ह्या दोन गोष्टींत भेद न केल्यास जुन्या मृत्यूंचा दोष भलत्याच्याच माथीं बसतो. खंडाळ्याच्या घाटासंबंधानें असें घडण्याचा विशेष संभव असल्यामुळें तेंच उदाहरण येथें घेतलें आहे.

[२]

प्रथम शब्दांचा विचार करूं. 'मोडशी' हा शब्द आपल्या किनाऱ्यावर निदान साडेचारशें वर्षें वापरांत आहे. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्यानें गोव्यास १५६३ सालीं छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत जुलाब-वांत्यांच्या प्राणघातक रोगाचें वर्णन करून त्याचें देशी नांव दिलें आहे, तें हेंच. पुढें यूरोपियनांच्या तोंडीं ह्या शब्दाचें इतकें विचित्र रूपांतर झालें कीं फ्रेंच भाषेंत त्याचा 'कुत्र्याचें मरण' असा अर्थ लावला गेला. परंतु आपल्याकडे घरगुती बोलण्यांत मोडशी म्हणजे साधें अजीर्णहि होतें. एकच शब्द एका कागदांत घटकाभरांत प्राण घेणारा, तर दुसऱ्यांत सुंठेच्या काढ्यानें बरा होणारा.

'आंव' हा शब्द तर कारणाचा वाचकच नव्हे. तो संस्कृत 'आम' ह्यापासून आला असून दृष्टीस पडणारा चिकट स्राव तेवढा दाखवितो. रक्त व आंव पडण्याचा विकार अमीबानें होतो, तसाच तो अगदीं निराळ्या जातीच्या जंतूनेंहि होतो. हा दुसरा जंतु जपानांत कियोशी शिगा यांनीं १८९७ सालीं शोधला. म्हणजे आंव दोन्हींत पडते, आणि जुन्या कागदावरून त्या दोहोंतील एक निवडावयास साधन नसतें. 'जरीमरी' हें देवतेचेंहि नांव आहे व साथीचेंहि. हे शब्द अडाणी नव्हेत. जें पाहिलें तेंच त्यांत सांगितलें आहे. न पाहिलेलें सांगण्याचा दोष आमच्या भाषांतरांत शिरतो.

[३]

आतां घाटाकडे वळूं. खंडाळा बोरघाटाच्या माथ्यावर आहे. कोंकणांतून देशावर येण्याची ही वाट किती जुनी आहे याची साक्ष जवळच्या कार्लें व भाजें येथील लेण्यांत आहे. सोपारें व वैजयंती अशा दूरच्या नगरांतील दात्यांचीं नांवें कार्ल्याच्या लेण्यांत कोरलेलीं आहेत. शतकानुशतकें ओझ्याच्या बैलांचे तांडे ह्याच वाटेनें चढले व उतरले. १८३० सालीं सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतां घाटांतून गाड्यांचा रस्ता खुला झाला. माणूस व जनावर एकाच वाटेनें जाणार, एकाच ओढ्यावर पाणी पिणार आणि रात्रीं एकाच तळावर निजणार, हा ह्या घाटाचा नित्याचा क्रम होता.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीनें घाट चढविण्याचें काम १८५६ सालीं सुरू केलें व तें १८६३ सालीं पुरें झालें. पंधरा मैलांहून थोड्या अधिक अंतरांत १,८३१ फूट चढावयाचें होतें. त्यासाठीं २५ बोगदे व ८ मोठे पूल करावे लागले. १८६१ च्या सुमारास कामावरील माणसांची संख्या ४२,००० पर्यंत गेली होती. पटकी व ताप यांच्या सांथी ह्या वस्तींत पुनःपुनः उद्भवल्या. कामाचे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ सालीं विलायतेहून आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या मृत्यूचें कारण कोठें पटकी, तर कोठें अतिसार असें लिहिलेलें आढळतें. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं ठेका आपल्या हातीं ठेवून काम चालू ठेवलें.

कंपनीचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांनीं १८६० सालीं लंडन येथील सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढें जो निबंध वाचला त्यांत ह्या सांथींचा उल्लेख आहे. मजुरांची प्रकृति क्षीण असते आणि त्यांस निवारा व वस्त्र अपुरें असतें, म्हणून ते अशा रोगांना लवकर बळी पडतात, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. ह्या विधानाचे दोन भाग वाचकांनीं निराळे करून पहावे. पहिला भाग दोष मजुराच्या देहाकडे देतो. दुसरा त्याच्या झोपडीकडे बोट दाखवितो. कोणत्या भागास किती वजन द्यावयाचें हाच घाटाच्या रोगेतिहासांतील मुख्य प्रश्न होय. उद्यां कोणी त्या तळांच्या जागेची माती तपासून तींत आंतड्यांतील जीवांचे अवशेष दाखविले, तर 'मजुरांनीं रोग बरोबरच आणला होता' असा निष्कर्ष काढणें फार सोपें होईल. तो निष्कर्ष टिकेल काय, हें पाहण्यासाठीं ह्या जीवांच्या शोधाचा इतिहास पाहिला पाहिजे.

[४]

ह्या शोधाचा आरंभ आपल्याच देशांत व पटकीच्याच निमित्तानें झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. घाटाचें काम पुरें झाल्यावर सहा वर्षांनीं, १८६९ सालीं, टिमथी लुईस व डेव्हिड कनिंगहॅम हे दोन डॉक्टर पटकीचें कारण शोधण्यास कलकत्त्यास आले. रोग्यांच्या मलांत लुईस यांना १८७० सालीं अमीबा दिसले. परंतु त्यांनीं त्यांस पटकीचें कारण ठरविलें नाहीं. कनिंगहॅम यांनीं पुढें आपला शोध माणसांपुरता न ठेवतां गाईंच्या व घोड्यांच्या आंतड्यांतील सूक्ष्म जीवांकडेहि वळविला व १८८१ सालीं तो प्रसिद्ध केला. पटकीचा खरा जंतु, जो अमीबाहून फारच लहान व निराळ्या सृष्टींतला आहे, तो रॉबर्ट कॉख यांनीं १८८३-८४ सालीं ईजिप्त व कलकत्ता येथें दाखवून दिला. अमीबा तेथें होता, पण अपराधी नव्हता.

ह्याच्या उलट दिशेचा शोध रशियांत लागला. फ्योदोर ल्योश यांनीं १८७५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें आंवेच्या एका रोग्याच्या मलांत असंख्य अमीबा पाहिले व त्यांचें वर्णन केलें. पुढें ईजिप्त व अमेरिका येथील डॉक्टरांनीं आंव व यकृतावरील गळूं यांशीं अमीबाचा संबंध जोडला. अशा रीतीनें एकीकडे निरुपद्रवी अमीबा व दुसरीकडे घातक अमीबा अशा दोन साक्षी उभ्या राहिल्या. फ्रिट्झ शाउडिन यांनीं १९०३ सालीं एंटामीबा कोली व एंटामीबा हिस्टोलिटिका अशा दोन जाती मानून हा विरोध मिटविण्याचा यत्न केला : पहिली केवळ राहणारी, दुसरी आंतडें पोखरणारी.

तरी विरोध मिटला नाहीं. वॉकर व सेलार्ड्स यांनीं मनिला येथील बिलिबिड तुरुंगांत कैद्यांवर केलेले प्रयोग १९१३ सालीं प्रसिद्ध झाले. आज असे प्रयोग कोणी करूं देणार नाहीं. त्यांत हिस्टोलिटिकाचे कोश २० जणांस खाऊं घातले. १८ जणांच्या पोटांत तो रुजला, परंतु आंव झाली ती चौघांसच. बाकीच्यांच्या ठिकाणीं घातक म्हटलेला जीव नुसता वसला होता. पहिल्या महायुद्धांत वेन्यन व ओकॉनर यांनीं ईजिप्तमध्यें सैनिकांची व इतरांची तपासणी करून १९१७ सालीं ग्रंथ लिहिला. त्यांतहि निरोगी माणसांत हे जीव सर्रास आढळले. तेव्हांपासून 'वाहक' हा शब्द रूढ झाला. आचारी, पाणक्या, हुजऱ्या असा धट्टाकट्टा मनुष्य केवळ सूक्ष्मदर्शकाखालील एका कोशावरून संशयित ठरूं लागला.

ह्या गोंधळाचा उलगडा एमिल ब्रुम्प्ट ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९२५ सालींच सुचविला होता. त्याचें म्हणणें असें कीं, हिस्टोलिटिका म्हणून जें मोजलें जातें त्यांत दोन जाती मिसळल्या आहेत. डोळ्यांस त्या एकच दिसतात, पण एक रोग करते व दुसरी करीत नाहीं. दुसरीस त्यानें डिस्पार हें नांव दिलें. जें डोळ्यांस निराळें दिसत नाहीं तें निराळें मानण्यास इंग्लंडांतील तज्ज्ञ तयार झाले नाहींत, व ब्रुम्प्टचें मत अर्ध्या शतकाहून अधिक काळ बाजूस पडून राहिलें. १९७८ सालीं लंडनमध्यें सार्जंट व त्यांचे सहकारी यांनीं विकरांच्या परीक्षेनें अमीबांचे भिन्न गट दाखविले, आणि १९९३ सालीं डायमंड व क्लार्क यांनीं दोन्ही जातींचें रीतसर पुनर्वर्णन केलें. निरोगी 'वाहक' म्हणून पूर्वीं मोजलेल्यांपैकीं फार मोठ्या भागाच्या पोटांत निरुपद्रवी डिस्पारच होता असें आतां मानलें जातें. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं १९९७ सालीं असाच निर्णय दिला कीं, केवळ डिस्पार आढळल्यास औषध देऊं नये.

ऐतिहासिक परिणाम उघड आहे. १९९३ पूर्वींच्या ज्या अहवालांत केवळ सूक्ष्मदर्शकाच्या आधारें इतके लोक अमीबाग्रस्त असे आंकडे आले आहेत, ते निवासाचे आंकडे आहेत, विकाराचे नव्हेत. ते वापरतांना हा भेद न सांगणें म्हणजे नकलेस अस्सल म्हणण्यासारखें आहे.

[५]

जनावरांच्या बाजूनें पाहतांहि हेंच दिसतें. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटांत केसाळ एकपेशी जीव खच्चून भरलेले असतात, हें ग्रुबी व डेलाफोन या दोघांनीं पॅरिसमध्यें १८४३ सालीं दाखविलें. आपल्याकडील वशिंडाच्या गाईबैलांच्या पोटांतील अशा जीवांचें सविस्तर वर्णन कोफॉइड व मॅक्लेनन यांनीं १९३० ते १९३३ ह्या काळांत प्रसिद्ध केलें. वासराच्या पोटांत हे जीव जन्मतः नसतात. मोठ्या जनावरांच्या सहवासानें, त्यांच्या लाळेंतून, ते त्याच्यांत येतात, व त्यास वेगळें ठेवल्यास येत नाहींत. घाट चढणाऱ्या बैलांच्या तांड्यांतील प्रत्येक निरोगी जनावर अशी एक सृष्टि पोटांत घेऊनच चाललें होतें.

वाळवीचें उदाहरण याहून स्पष्ट आहे. अनेक जातींच्या वाळवीच्या आंतड्यांतील जीव नाहींसे केले तर ती लांकूड खात असूनहि उपाशी मरते, हें अमेरिकेंत क्लीव्हलंड यांनीं १९२० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें. हिंदुस्थानांतील वाळवीच्या पोटांतील जीवांचा अभ्यास करणाऱ्यांत गोव्याचे फ्रोइलानो द मेलो हे अग्रेसर होते. बाणावली येथें १८८७ सालीं जन्मलेले हे डॉक्टर पणजीच्या वैद्यक विद्यालयाचे प्रमुख होते, व १९५५ सालीं ब्राझीलमध्यें वारले. पोथ्यांच्या संग्राहकांस वाळवीचें कौतुक वाटावयाचें नाहीं. पण आपल्या दप्तरांचा नाश ती एकटी करीत नसून तिच्या पोटांतील बिऱ्हाडकरूंच्या साह्यानें करते, एवढें तरी त्यांस ठाऊक असावें.

जनावराच्या पोटीं निरुपद्रवी असलेला जीव माणसास बाधतो, असेंहि क्वचित् घडतें. बॅलँटिडियम नांवाचा जीव माल्मस्टेन यांनीं १८५७ सालीं स्वीडनमध्यें आजारी माणसांत पाहिला. ल्यूकार्ट यांनीं १८६१ सालीं तो डुकरांत शोधला. डुकरांच्या पोटांत तो बहुधा कांहीं त्रास न देतां राहतो. माणसांत कधीं कधीं आंव उत्पन्न करतो. ह्यावरून इतकेंच ठरतें कीं, सहवास हा रोगाचा एक मार्ग असूं शकतो. प्रत्येक सहवास रोग असतो असें नव्हे.

ह्या सर्वांत आजकाल अधिक चर्चिला जाणारा जीव म्हणजे ब्लास्टोसिस्टिस. ब्रुम्प्टनेंच १९१२ सालीं माणसांतील ब्लास्टोसिस्टिसला 'होमिनिस' हें नांव दिलें. पुष्कळ काळ त्याची गणना किण्वांत होत होती; तो वस्तुतः समुद्रांतील तपकिरी शेवाळांच्या दूरच्या कुळांतला आहे हें १९९६ सालीं ठरलें. त्याचे अनेक उपप्रकार असून कांहीं मुख्यत्वें डुकरांत, कांहीं पक्ष्यांत, कांहीं माकडांत आढळतात, आणि त्यांची निगा राखणाऱ्या माणसांतहि कधीं कधीं तेच मिळतात. २०१५ सालीं पुण्यांतील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संशोधकांनीं इतरांच्या सहकार्यानें निरोगी भारतीयांमधील ह्या जीवाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेले लोक निरोगी होते, हीच त्यांतील महत्त्वाची गोष्ट होय. रोग्यांचीच दप्तरें तपासण्याची जुनी रीति सोडून निरोग्यांचें दप्तर उघडलें, तेव्हां ह्या जीवाचा खरा इतिहास दिसूं लागला.

[६]

निवास व विकार यांतील हा भेद आपल्या वैद्यकास अगदींच अपरिचित नव्हता. अथर्ववेदांतील कृमिनाशक सूक्तांत माणसांचे व गुरांचे, दिसणारे व न दिसणारे, अशा कृमींचा निर्देश आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील सातव्या अध्यायांत कृमींचे वीस प्रकार त्यांच्या उत्पत्तिस्थानांवरून सांगितले आहेत. त्यांत रक्तांतील कांहीं इतके सूक्ष्म असतात कीं ते दिसत नाहींत असेंहि म्हटलें आहे. परंतु गणनेच्या आरंभींच ग्रंथकारानें एक वर्ग बाजूस काढला आहे. तो 'सहज' कृमींचा. देहाबरोबरच असणारे हे कृमि विकार करीत नाहींत, म्हणून रोगांच्या गणतींत त्यांस घेतलें नाहीं, असा खुलासा अकराव्या शतकांतील बंगालचे टीकाकार चक्रपाणिदत्त करतात.

ह्यावरून चरकास अमीबा ठाऊक होता असें म्हणणें हें 'आंव' म्हणजे अमीबा असें म्हणण्याइतकेंच चुकीचें होईल. सूक्ष्मदर्शकाशिवाय हे जीव कोणास दिसले नाहींत, व 'कृमि' ह्या शब्दांत जंतापासून उवेपर्यंत सर्व कांहीं येतें. येथें श्रेय ज्ञानाचें नसून विवेकाचें आहे. देहांत जें आहे तें सर्वच रोगाचें नव्हे, इतकी जागा त्या ग्रंथकारानें आपल्या वर्गीकरणांत मोकळी ठेवली. विसाव्या शतकांतील 'वाहक' शोधणाऱ्यांनीं ती ठेवली नव्हती.

ज्यांच्या संग्रहीं विमानस्थानाच्या पोथ्या किंवा मराठी वैद्यकाचीं बाडें असतील त्यांनीं ह्या एका शब्दाच्या ठिकाणीं कोणता पाठ व कोणतें टिपण आहे तें अवश्य पहावें. आमच्याकडील व्यवहारी वैद्यांच्या हातीं हा भेद कितपत टिकला होता, हें अशा टिपणांवरूनच कळेल.

[७]

येणेंप्रमाणें विचार केल्यावर तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली : जुन्या कागदाची नक्कल छापतांना रोगाचा मूळ शब्द जसाच्या तसा ठेवावा, आणि नवें नांव द्यावयाचें झाल्यास तें संपादकाचें अनुमान म्हणून निराळें द्यावें. दुसरी : रोगाच्या नांवापेक्षां भोवतालच्या परिस्थितीच्या नोंदी अधिक जपाव्या. ऋतु कोणता, पाणी कोठचें, किती माणसें एकदम पडलीं, गुरांवरहि कांहीं आलें काय, वस्ती उठून कोठें गेली, ह्या गोष्टी निदानास रोगाच्या नांवाहून उपयोगी पडतात. तिसरी : पुरातन शौचकूपांतील मातीचें परीक्षण आतां परदेशांत होऊं लागलें आहे, यरुशलेम येथील इसवी सनापूर्वीं सातव्या-सहाव्या शतकांतील शौचकूपांत जिआर्डिया ह्या जीवाच्या खुणा मिळाल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्या गडांवरील शौचकूपांचें असें परीक्षण झाल्यास तें स्वागतार्हच होईल. पण तेथें जें सांपडेल तें निवासाचें प्रमाण असेल. विकाराचें प्रमाण निराळें शोधावें लागेल. एकादा कागद दप्तरांत सांपडला एवढ्यावरून आपण तो खरा मानीत नाहीं. कोणाचा, कोणत्या कारणानें व कोणत्या कागदांच्या संगतींत आला हें पाहतों. देहाच्या दप्तरासहि हाच नियम लावला पाहिजे.

खंडाळ्याच्या घाटांत कामावर आलेल्या हजारों मजुरांच्या पोटांत असे जीव होते ह्यांत संशय बाळगण्याचें कारण नाहीं. ते त्यांच्या बैलांच्या पोटांत होते, त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या पोटांतहि असतील, आणि आज ह्या ओळी वाचणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या पोटांत आहेत. जें सर्वांत सारखें असतें तें कांहींच माणसांच्या मरणाचें कारण म्हणून पुढें करतां येत नाहीं. ज्यांत भेद होता तो निवाऱ्याचा व वस्त्राचा. आणि तो भेद कंपनीच्या मुख्य इंजिनियरानें स्वतःच १८६० सालीं लिहून ठेवला आहे. घाटाच्या रोगेतिहासांत मजुरांच्या देहावर ठपका ठेवणारें नवें विधान कोणी केल्यास त्यापुढें हीच जुनी साक्ष ठेवावी.